यादीत नसलेलं पाणी

केतकी, कॅनडाहून तुझं पत्र सोमवारी आलं आणि डाळ गॅसवर तशीच ठेवून मी ते उभ्याउभ्या वाचलं. डाळ करपली. तुमचे आप्पाआजोबा म्हणाले, "या स्वयंपाकघरात तीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी करपलंय. पत्र फ्रेम करून लावू या."

तुझ्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गात सांगितलं, की घरातल्या रोजच्या वापराच्या वस्तूंमध्ये, डब्याबाटल्यांत, क्रीममध्ये अशी काही रसायनं असतात, जी आईच्या शरीरातून पोटातल्या बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात. घरी येऊन तू हे आईला सांगितलंस, तर ती नुसती हसली आणि म्हणाली, "आजीला विचार." ती का हसली ते तुला कळलं नाही.

मला कळलं! अगं, तुझ्या बाईंनी फळ्यावर जे लिहिलं ते आमच्या घरात घडलेलं आहे. त्या गोष्टीतलं बाळ तू आहेस. आणि ते रसायन कुठल्या कारखान्याच्या धुराड्यातून आलं नव्हतं. तुझ्या आजीने ते स्वतःच्या हाताने, थेंब मोजून घातलं होतं.

बारा वर्षं झाली. हे सगळं पहिल्यापासून कोणाला तरी नीट सांगावं असं मला किती दिवस वाटत होतं. आज तू होऊन विचारलंस, त्यामुळे माझा हात इतका भराभर चालतोय की अक्षर बिघडतंय. धाकट्या भावालाही, निखिलला, वाचून दाखव. तो कंटाळला तर त्याला एसटीच्या कंडक्टरचा भाग आधी वाचून दाखव.

दोन थेंब

तेव्हाही आम्ही भिवंडीत, याच घरात होतो. समोर पॉवरलूमचा कारखाना, मागे दुसरा. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि शाळेचं गाइड पथक माझ्याकडे होतं. आप्पा नगरपालिकेत हेडक्लार्क होते.

१९८५ साल. गणपती झाले आणि आमच्या गल्लीत दोन घरांत कावीळ निघाली. नळाचं पाणी आधी पाच मिनिटं गढूळ यायचं. सगळे पाणी उकळायला लागले, मीही लागले. पण गॅसचा सिलेंडर नंबर लावल्यावर कधी येईल याचा भरवसा नसे, आणि हंडाभर पाणी स्टोव्हवर उकळत बसायचं तर सकाळची शाळा चुकायची. तेव्हा मला माझी वही आठवली. गाइडच्या प्रशिक्षणात घेतलेली टिपणं मी लाल कापडात बांधून ठेवली होती. त्यात होतं: शिबिरात पाणी निर्जंतुक करण्यासाठी टिंक्चर आयोडीनचे थेंब घालावेत आणि अर्धा तास झाकून ठेवावं.

टिंक्चर आयोडीन म्हणजे गुडघा फुटला की लावतात ते तपकिरी औषध. कोणाच्या घरात नसतं? मी ड्रॉपर आणला, तांब्याला दोन थेंब असं प्रमाण ठरवलं आणि पिंपावर पट्टी चिकटवली: "शुद्ध पाणी. याच भांड्यातून घ्या." पाण्याला किंचित पिवळसर झाक यायची आणि चव धातूसारखी लागायची. आमच्या घरी कावीळ आली नाही. मग कसला विजय! शाळेतल्या बाईंना मी फळ्यावर आकृती काढून पद्धत समजावली. कोणी ती उचलली नाही, हे आज आठवलं की मी देवाचे आभार मानते.

घरात माझं पाणी न पिणारी एकच व्यक्ती होती. किमान मला तेव्हा तसं वाटत होतं. ती म्हणजे यमुनाबाई. ती राहनाळहून रोज सकाळी धुणंभांडी करायला यायची. गल्लीतल्या बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायचं, अंघोळ घालायची कामंही तिच्याचकडे असत. मी तिला पाण्याचा पेला दिला, तिने वास घेतला आणि परत केला.

"बाय, मना नको ह्या पानी. ह्याला दवाखान्याचा वास हाय."

"अगं, त्यातले जंतू मेलेत."

"जंतू मेलं, मंग मी कशाला मरू?" असं म्हणून ती शेजारच्या घरी माठातलं पाणी प्यायला गेली. मी मनातल्या मनात तिला अडाणी म्हटलं. हे मी लपवणार नाही.

डिसेंबरात, सातव्या महिन्यात, तुझी आई मेधा पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली. तुझे बाबा तिला सोडायला आले तेव्हा मी त्यांना पिंप दाखवलं. "सुधीरराव, काही काळजी करू नका. इथलं पाणी भिवंडीत सगळ्यात स्वच्छ आहे." मेधा म्हणाली, "आई, याला कसली तरी चव आहे." मी म्हटलं, "सवय होईल." तिला सवय झाली. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. ती कंटाळा करायची, आणि मी रोज तिच्यासमोर उभी राहून तांबे मोजायचे.

शहाणं बाळ

फेब्रुवारीत तुझा जन्म झाला. वजन छान, जावळ काळंभोर. बाळंतपण सुखरूप झालं. तू रडलीस, पण थोडंसं, आणि आवाज घोगरा होता. आप्पा म्हणाले, "हिचा आवाज आमच्या साहेबांसारखा आहे. सकाळी फाईल मागतात ना, अगदी तसा."

मी लगेच तक्ता केला. दूध किती वाजता, झोप किती तास, शी, लघवी, सगळ्याला वेगळे रकाने. तू दिवसरात्र झोपायचीस. दुधासाठी तुला गालावर टिचक्या मारून उठवावं लागायचं. समोर लूम खडखडत असायचे, भांडी पडायची, दारं आपटायची, आणि तू ढिम्म. येणारीजाणारी माणसं म्हणायची, "काय गुणाचं पोर आहे! भिवंडीचंच बाळ, लूमचा आवाज पोटातूनच ऐकून आलंय." त्या तक्त्यात पंधरा दिवस मी एकच शब्द लिहिलाय: शांत. खाली रेघ मारून.

तुझी शी तीन-तीन दिवस व्हायची नाही. जन्मानंतरचा पिवळेपणा आठवडाभरात जायला हवा, तो तिसऱ्या आठवड्यातही तसाच होता. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, कोवळं ऊन द्या. मी ऊन दिलं, घड्याळ लावून.

तेल लावताना यमुनाबाई मात्र गप्प होत चालली होती. ती गप्प होणं म्हणजे काय हे तुम्हाला कळायचं नाही. तिचा आवाज लूमवरही चढायचा. एक दिवस ती तुला मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"ही पोर थंड हाय गो बाय. शेकली तरी थंड. आनि रडं न्हाय. मी इतक्या पोरांना न्हाऊ घातलाय, न्हाताना न रडनारी पोर मी न्हाय बगली."

"गुणी आहे."

"गुनी पोरा पन रडतान." तिने माझा हात धरून तुझ्या हनुवटीखाली नेला. "हिच्या गल्याला हात लाव. जसा काय लाडू बांधलाय."

माझ्या बोटांना तुझ्या गळ्यावर एक मऊ फुगवटा लागला. मी म्हटलं, "बाळसं आहे." म्हटलं खरं, पण तक्त्याच्या त्या दिवसाच्या रकान्यात "शांत" लिहायला मी पेन उचललं आणि माझ्याच्याने लिहवेना.

ठाण्याचा दवाखाना

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे बाकावर पंचवीस माणसं आणि पंचवीस मुलं. सगळी मुलं किंचाळत होती. एकटी तू झोपलेली. शेजारची बाई मेधाला म्हणाली, "तुमची किती शांत आहे हो!" मेधाने मान वळवली. तीच शंका तिच्याही मनात आली होती, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टर तरुण होत्या. चष्मा, कापलेले केस, सुती साडी. त्यांनी तुझी जीभ पाहिली, पोट पाहिलं, गळा बराच वेळ चाचपला. तुझा तळवा टिचकीने डिवचला, तरी तू नुसती कुरकुरलीस. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हिची थायरॉइडची ग्रंथी काम करत नाहीये असं मला वाटतं. रक्त मुंबईला पाठवावं लागेल."

"म्हणजे काय होईल?" मेधाने विचारलं.

त्यांनी फिरवाफिरव केली नाही. "त्या हार्मोनवर बाळाचा मेंदू वाढतो. पहिले काही महिने सगळ्यात महत्त्वाचे असतात. हार्मोन वेळेवर मिळालं तर ही इतर मुलांसारखीच वाढेल. उशीर झाला, तर जे राहून जाईल ते नंतर भरून येत नाही."

तुझ्या टाचेतून रक्त काढलं. सुई टोचल्यावर तू रडलीस, तोच घोगरा, दमलेला आवाज. आम्ही दोघी तो आवाज कान देऊन ऐकत होतो.

रिपोर्टची वाट न पाहता त्यांनी गोळी सुरू केली. इवल्याशा गोळीचा तुकडा चमच्यात चुरडायचा, आईच्या दुधात कालवायचा आणि पाजायचा. आम्ही निघताना त्या मला म्हणाल्या, "आजी, पुढच्या वेळी एक यादी आणा. गरोदरपणात हिने काय खाल्लं, काय प्यायलं, अंगाला काय लावलं, घरात काय फवारलं. सगळं."

यादी! केतकी, तुझ्या आजीला यादी करायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. करायला काम मिळालं आणि मला धीर आला.

एकेचाळीस वस्तू

तीन दिवस मी घर पालथं घातलं. साबण, पावडर, कुंकू, केसांचं तेल, मेधाची नखं रंगवायची बाटली, डासांची कॉइल, उदबत्ती, फिनेल, ढेकणांचं औषध, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. लोहाच्या गोळ्या, शतावरीचा डबा, डिंकाचे लाडू. पुण्याच्या घरी काय काय होतं, ते सुधीररावांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "आई, मी दाढीला काय लावतो तेसुद्धा सांगू का?" मी म्हटलं, "हो, सांगा." त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं.

एकेचाळीस वस्तू झाल्या. फुलस्केपची दोन पानं. शेवटी सही.

आप्पांनी यादी वाचली, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मी म्हटलं, "काय राहिलंय?" ते म्हणाले, "काही नाही." ते तोंड कशासाठी उघडलं होतं, ते मला दोन दिवसांनी कळलं.

तीन गळे

दुसऱ्या खेपेला रिपोर्ट आला होता. डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला. "पण एक गोष्ट मला खटकतेय," त्या म्हणाल्या. "ग्रंथी मुळातच नसती तर गळा फुगला नसता. हिची ग्रंथी आहे. ती मोठी झालीय. कोणीतरी तिचं काम अडवून धरलंय."

कोणीतरी! त्या माझी यादी वाचायला लागल्या आणि मी परीक्षेच्या निकालाची वाट पाहत बसावं तशी बसले. पहिलं पान झालं. दुसरं झालं. त्यांनी मान हलवली. "यात मला काही सापडत नाही."

मग त्यांनी मेधाला सांगितलं, "एक घोट पाणी प्या बघू. मला गिळताना तुमचा गळा बघायचाय."

मेधाने माझ्याकडे हात केला. मी पिशवीतून आमची बाटली काढली. बाहेरचं पाणी आम्ही पीत नव्हतो ना. मेधा प्यायली. डॉक्टर पुढे वाकल्या. मेधाच्या गळ्यालाही फुगवटा होता, बारीकसा. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"आजी, तुम्हीही एक घोट घ्या."

"मी? मला काही झालेलं नाही."

"घ्या हो."

मी घोट घेतला. त्या खुर्चीतून उठून माझ्यासमोर आल्या आणि माझा गळा दोन्ही हातांनी चाचपला. गेले काही महिने मला सारखी थंडी वाजायची, तिसऱ्या तासाला वर्गात डोळे मिटायचे, ब्लाउजचं वरचं हूक लागेनासं झालं होतं. मी त्याला वय म्हणत होते. बावन्न वर्षांची होते.

"तीन पिढ्या आणि तीन गळे," डॉक्टर म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या बाटलीकडे गेलं. त्यांनी ती घेतली, खिडकीच्या उजेडात धरली, झाकण काढून वास घेतला.

"हे काय आहे?"

"पाणी," मी म्हटलं.

"यात काय घातलंय?"

मी सांगितलं. अभिमानानेच सांगितलं, खोटं कशाला बोलू? वहीपासून ड्रॉपरपर्यंत सगळं.

"किती दिवसांपासून?"

"मी सप्टेंबरपासून. मेधा आल्यापासून, म्हणजे सातव्या महिन्यापासून. बाळाच्या बेंबीलाही तेच लावत होतो, नाळ पडेपर्यंत."

त्यांनी माझी दोन पानं माझ्यासमोर धरली. "मग हे यादीत का नाही?"

केतकी, मी ती पानं पुन्हा वाचली. उदबत्ती लिहिली, दाढीचा साबण लिहिला, पाणी लिहिलं नाही. पाणी ही वस्तू आहे असं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि त्यात मी जे घालत होते, ती तर माझी खबरदारी होती. स्वतःची खबरदारी कोण संशयितांच्या यादीत लिहितं?

आणि मग काय झालं सांगू? डॉक्टर हसल्या! त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला वाटलं, या बाईंना वेड लागलंय. "अहो, ही चांगली बातमी आहे," त्या म्हणाल्या. "थोडं आयोडीन थायरॉइडला लागतंच, मिठातलं खुशाल खा. पण रोज इतकं गेलं की ग्रंथी कामच थांबवते. मोठी माणसं बहुतेक वेळा त्यातून सावरतात. पोटातल्या बाळाला ते जमत नाही. आता हे पाणी बंद करा. ग्रंथी जागी होऊ शकते. गोळी चालू ठेवू, म्हणजे तोवर मेंदूला काही कमी पडणार नाही. आपण तिला महिन्याच्या आत पकडलंय."

घरी आलो तर आप्पा दारातच उभे. सगळं ऐकून ते आधी खाली बसले, मग म्हणाले, "मी ते पाणी कधी प्यायलोच नाही. ऑफिसात पितो, धामणकर नाक्यावर चहा पितो. घरात तू दिलेला पेला तुळशीला घालतो."

"सहा महिने?"

"सहा महिने."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुला सांगून तू ऐकलं असतंस?"

मी त्यांचा गळा चाचपला. साफ! दुसऱ्या दिवशी यमुनाबाई आल्या आल्या तिचाही चाचपला. ती म्हणाली, "बाय, गला दाबतंस का काय माजा?" तिचाही साफ! जे प्यायले त्यांना झालं, जे प्यायले नाहीत त्यांना झालं नाही. इतका स्वच्छ पुरावा मी शाळेच्या प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता. मी पिंप अंगणात नेऊन उपडं केलं आणि वरची पट्टी खरवडून काढली.

त्या दुपारी मी लाल कापडातली वही पुन्हा उघडली. माझ्याच अक्षरात, थेंबांच्या ओळीखाली, आणखी एक ओळ होती: "फक्त शिबिरापुरते. चार दिवस." थेंबांचा आकडा मी लाल शाईने अधोरेखित केला होता. ही ओळ तशीच सोडली होती.

मेधाचं न बोलणं

आता जे लिहितेय त्याला तुझ्या आईची परवानगी मी फोनवर घेतली आहे.

त्या रात्री मेधा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "आई, मला चव लागत होती. मी तुला सांगितलं होतं. तू एकदा तरी थांबलीस का?" त्यानंतर बारा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी उकळून गार केलेलं पाणी तिच्यासमोर ठेवायचे. ती उठायची, स्वयंपाकघरात जायची आणि स्वतःच्या हाताने दुसरा पेला भरून घ्यायची. त्या भरलेल्या पेल्याकडे पाहणं हे माझ्या आजारपणातलं सगळ्यात मोठं दुखणं होतं. गळ्याचं काहीच नव्हतं.

तुझी गोळी मेधाच द्यायची. मी दाराशी उभी असायचे, घड्याळ पाहत, बोलायची हिंमत नसलेली. बाराव्या सकाळी चमचा धरताना तिचा हात थरथरला आणि दूध सांडलं. ती रडायला लागली. "मला भीती वाटते. अर्धी गोळी बाहेर जाते आणि मला वाटतं, हिचं अर्धं डोकं गेलं." मग तिने चमचा माझ्यापुढे केला. "तू दे. तुझा हात हलत नाही."

मी म्हटलं, "माझ्या हाताने?"

"आई, मोजून द्यायला तुझ्याइतकं कोणाला येतं?" असं म्हणून ती रडता रडता हसली.

मी दिली. एक थेंब सांडू दिला नाही.

शनिवार

आणि आता तो दिवस! हा लिहिण्यासाठीच मी कालपासून घाई करतेय.

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्हाला खडखडाट ऐकू येत नाही, पण तो थांबला की कानात दडे बसतात. गोळी सुरू होऊन तीन आठवडे होत आले होते. सारखी बाहेर डोकावणारी तुझी जीभ आत गेली होती, हातपाय कोमट लागायला लागले होते, दोनदा तू माझ्या बांगडीकडे टक लावून पाहिलं होतंस. पण आवाजाला तू कधीही दचकली नव्हतीस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

तो शुक्रवार तसाच सुनसान गेला. शनिवारी सकाळी यमुनाबाईने तुला तेल लावून पाटावर निजवलं होतं. मेधा केस विंचरत होती. समोरच्या कारखान्याचा खटका पडला आणि चाळीस लूम एकदम सुरू झाले.

तू दोन्ही हात हवेत फेकलेस. डोळे मोठ्ठे केलेस. एक क्षण काहीच नाही. आणि मग तू रडलीस. तो घोगरा आवाज कुठल्या कुठे गेला होता. काय ते रडणं, काय तो टिपेचा आवाज! चेहरा लालबुंद, पाय झाडतेयस, श्वास घेऊन पुन्हा सुरू! यमुनाबाई ओरडली, "रडली! बाय, पोर रडली!" मेधाच्या हातातला कंगवा पडला. आणि आम्ही तिघी तुला उचलायचं सोडून तशाच उभ्या, हसतोय, रडतोय, एकमेकींचे दंड धरून हलवतोय.

समोरचे मुकादम इसाकभाई धावत दारात आले. "मास्टरनीजी, सब ख़ैरियत? बच्ची को कुछ हो गया क्या? लूम के ऊपर से आवाज़ आ रही है!"

"कुछ नहीं हुआ, इसाकभाई!" मी म्हटलं. "लड़की रो रही है!"

"वो तो सुन रहा हूँ. बंद कराऊँ लूम?"

"नको!" आम्ही तिघी एकदम म्हणालो. बिचारे आमच्याकडे पाहतच राहिले. चार घरांत पेढे वाटले तेव्हा त्यांना कळलं. तक्त्यात त्या दिवशी मी लिहिलंय: "सकाळी ७.१०. रडली." शब्दाखाली तीन रेघा आहेत. तक्ता अजून आहे. तू आलीस की दाखवीन.

कंडक्टर

माझा गळा दोन-तीन महिन्यांत बसला. थंडी गेली, झोप उडाली, आणि मी शाळेत इतकी पळायला लागले की मुली म्हणायच्या, बाईंनी काय टॉनिक घेतलंय? मेधाचंही ठीक झालं. पण तुझी गोळी डॉक्टरांनी घाईने थांबवली नाही. "ती तीन वर्षांची होऊ दे," त्या म्हणाल्या. "मग महिनाभर थांबवून पाहू, ग्रंथी स्वतःच्या बळावर चालते का."

१९८९ साली तुम्ही सगळे पुण्याहून आलात आणि तो महिना आम्ही काढला. रोज सकाळी गोळीची वेळ व्हायची आणि मेधा आणि मी एकमेकींकडे पाहायचो. तू जांभई दिलीस तरी आमचा जीव वरखाली. महिन्याने रक्त दिलं आणि आठवड्याने रिपोर्ट आणायला मी, मेधा आणि तू एसटीने ठाण्याला निघालो.

त्या प्रवासात तू एकदाही थांबली नाहीस. म्हैस का बसली, झाडं मागे का पळतात, कंडक्टरकाकांच्या पिशवीत काय आहे, त्यांना मिशी आहे तर आजीला का नाही. कंडक्टर तिकिटं फाडत आले आणि म्हणाले, "आजी, ही फुकटात बसलीय, पण बोलतेय दोन तिकिटांएवढं." सगळी बस हसली. तू त्यांना विचारलंस, "तिकीट बोलतं का?"

मला त्या क्षणी वाटलं, रिपोर्ट उघडायची गरजच नाही. तरीही उघडला. सगळं जिथल्या तिथे होतं. गोळी कायमची बंद. डॉक्टर खूश होऊन तुझ्याशी बोलायला लागल्या आणि पाच मिनिटांनी म्हणाल्या, "हिला कोणीतरी बाहेर न्या, मला पुढचा पेशंट बघायचाय."

निखिल, पुढच्या वर्षी तुझ्या वेळी मी पुण्याला आले आणि पाणी फक्त उकळलं. त्यामुळे तुझ्या जन्माबद्दल मला लिहिण्यासारखं काही नाही. याहून चांगली गोष्ट कुठली असणार?

केतकी, तुझ्या बाईंना माझ्याकडून एक सांग. मुलांना सगळ्या डब्याबाटल्यांची भीती घालू नका म्हणावं. भ्यायलेला माणूस माझ्यासारखाच ड्रॉपर घेऊन बसतो. मी शिकवलेल्या मुली आता पोटुश्या होऊन माहेरी येतात, तेव्हा मला भेटायला येतात. मी त्यांना पेढा देते आणि कागद-पेन देते. काय पिता, काय लावता, काय फवारता ते लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. पहिली ओळ पाणी. आणि दुसरी ओळ, तुमच्या घरातल्या शहाण्या माणसाने तुमच्या भल्यासाठी काय सुरू केलंय ते. घरची कामवाली ज्या वस्तूचा वास घेऊन तोंड फिरवते, ती लाल शाईत.

यमुनाबाई आता येत नाही, तिचे गुडघे दुखतात. मीच दर महिन्याला राहनाळला जाते. तिथे तिच्या माठातलं पाणी पिते. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी इलायतेत काय करतं?" मी म्हटलं, "कॅनडात शिकते. वर्गात फार बोलते."

कारण तुझ्या पत्राखाली तुझ्या आईने दोन ओळी लिहिल्या आहेत. शाळेतून चिठ्ठी आली आहे, केतकी तासाला गप्प बसत नाही, सगळ्या वर्गाला बोलायला लावते. आई, तूच तिला समजाव, तुझं ऐकेल.

मी ती ओळ यमुनाबाईला दोनदा वाचून दाखवली. मग आम्ही दोघींनी ठरवलं. केतकी, मी तुला समजावणार नाही.